पांढरा तुडतुडा शोधायचा कसा: ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी

भाद्रपद-आश्विनात रात्री गॅलरीतला दिवा थोडा वेळ चालू ठेवला की भिंतीवर पतंग येतात, भुंगेरे येतात, आणि त्यांच्यात कुठेतरी तांदळाच्या दाण्याएवढा, जवळजवळ त्याच रंगाचा एक किडा बसलेला असतो. बोट जवळ नेलं की टुणकन उडी मारून नाहीसा होतो. हा पांढरा तुडतुडा. शास्त्रीय नाव कोफाना स्पेक्ट्रा. डिस्टंट या ब्रिटिश कीटकतज्ज्ञाने १९०८ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आफ्रिका, भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया आणि थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तो पसरलेला आहे, म्हणजे दुर्मीळ म्हणावं असं त्याच्यात काहीच नाही.

तरीही कीटक पाहायला सुरुवात करणाऱ्याला मी फुलपाखराऐवजी हाच सुचवतो. फुलपाखरांच्या मागे कॅमेरे घेऊन फिरणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तुडतुड्याकडे शेतकरी बघतो तो फवारायचं की नाही हे ठरवण्यापुरता, आणि शहरातला माणूस बघतच नाही. त्यामुळे ऐरोलीच्या किंवा कासारवडवलीच्या एखाद्या गॅलरीतून केलेली तुमची पहिलीच नोंदसुद्धा कामाची ठरते.

सामान थोडंच लागतं: मोबाइल, दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, जुनी चादर, झाकणाच्या दोन-तीन पारदर्शक डब्या आणि वही. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स मिळाली तर उत्तम, पण ती पहिल्या दिवशी घ्यायची गरज नाही.

पायरी १: तुडतुडा म्हणजे नक्की कोण

तुडतुड्यांचं कुळ सिकॅडेलिडी. जगभरात या कुळाच्या वीस हजारांहून जास्त जातींची वर्णनं झालेली आहेत. पाचरीसारखं अंग, पाठीवर कौलारू छपरासारखे मिटलेले पंख आणि उडी, एवढ्यावर नव्वद टक्के काम भागतं असं वाटतं, आणि तिथेच गोंधळ होतो. भाताची नासाडी करणारा कुप्रसिद्ध तपकिरी तुडतुडा आपण त्याच नावाने ओळखतो, पण त्याचं कुळ वेगळं आहे. फरक मागच्या पायात असतो. खऱ्या तुडतुड्याच्या मागच्या पायाच्या नडगीवर बारीक काट्यांच्या ओळीच्या ओळी असतात. तपकिरी तुडतुड्याच्या त्याच नडगीच्या टोकाला एकच मोठी, हलणारी आर असते. भिंगातून हे अगदी स्वच्छ दिसतं. एकदा पाय बघायची सवय लागली की बाकीची ओळख आपोआप सोपी होते.

पांढरं दिसलं की कोफाना, असंही नाही. जास्वंदीच्या पानामागून भुर्रकन उडणारी पांढरी माशी याच्यापेक्षा खूपच लहान असते. पिठ्या ढेकूण तर उडीच मारत नाही. हे दोन्ही गॅलरीतल्या कुंड्यांत सर्रास असतात, म्हणून आधी त्यांना बाजूला काढा.

पायरी २: कोफानाच का, दुसरा कोणी नाही ना

लांबी सेंटिमीटरला थोडी कमी, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक तुडतुड्यांपेक्षा हा चांगलाच थोराड. रंग दुधी, कधी पिवळसर झाक असलेला. पंखांवरच्या शिरा फिकट तपकिरी. डोक्याच्या माथ्यावर काळे ठिपके. ठिपके नीट मोजा, कारण त्याचाच भाऊबंद कोफाना युनिमॅक्युलाटा दिसायला असाच असतो, फक्त त्याच्या डोक्यावर एकच ठिपका असतो. फोटोत ठिपके धूसर आले असतील तर ‘कोफाना’ एवढंच लिहून थांबा. अर्धवट खात्रीवर पूर्ण नाव लिहिण्यापेक्षा ते कधीही बरं.

त्याच दिव्यावर इतर तुडतुडेही भेटतील. पोपटी रंगाचा, नराच्या पंखांची टोकं काळी असलेला, तो नेफोटेटिक्स, म्हणजे भातावरचा हिरवा तुडतुडा. याच्या तोंडून भाताला टुंग्रो हा विषाणूजन्य रोग लागतो, म्हणून शेतकी खात्याचं त्याच्यावर लक्ष असतं. कोलकात्यात कालीपूजेच्या सुमारास दिव्यांवर ज्यांची झुंबड उडते ते हेच. त्याच्या जाती फोटोवरून वेगळ्या करणं अनेकदा अशक्य असतं. तज्ज्ञसुद्धा नराच्या पोटाच्या टोकातले अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघून मगच नाव सांगतात.

आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे तपकिरी, आखूड आणि रुंद डोक्याचे असतात. इडिओस्कोपस आणि अमृटोडस ही त्यांची नावं. मोहोरातला रस पितात, चिकट स्राव सोडतात, त्यावर काळी बुरशी चढते. कोकणात आंबा बागायतदाराच्या घरी जेवायला बसलात तर हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही.

आणि भेंडीच्या पानाखाली तिरका पळणारा, फिकट हिरवा, पंखांच्या टोकांजवळ एकेक काळा ठिपका असलेला चिमुकला, तो अम्रास्का बिगट्युला. कापूस, भेंडी आणि वांगी यांवरची आपली जुनी डोकेदुखी. आता तो जगाचीही झालाय: २०२३ मध्ये प्युएर्तो रिकोत आणि २०२४ च्या अखेरीस फ्लोरिडात तो सापडला आणि तिथले कापूसवाले हादरले. तुमच्या गॅलरीतल्या भेंडीच्या कुंडीत तो असण्याची शक्यता दांडगी आहे, म्हणून तुलनेसाठी आधी तिथेच बघा.

पायरी ३: जागा निवडा

कोफाना गवताचा किडा आहे. भात, ऊस, ज्वारी, रानगवतं, ओलसर जागी उगवणारे लव्हाळे, हे त्याचं अन्न आणि घर. मादी पानाच्या किंवा खोडाच्या आत चिरा पाडून अंडी घालते. पिल्लं तिथेच वाढतात, पाच वेळा कात टाकतात आणि कोष न करता थेट मोठी होतात. म्हणजे सलग काही आठवडे उभं राहिलेलं हिरवं गवत आणि थोडी ओल, एवढंच त्याचं मागणं.

आता आपला नकाशा आठवा. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी त्यात आल्या. भातखाचरं, खाजणं, मिठागरं अशा त्या जमिनी होत्या. भाताच्या बांधावरचा किडा त्यातून रस्त्याकडेच्या गवतात, रिकाम्या प्लॉटमध्ये, नाल्याच्या काठावर सरकला. शोधायचाही तिथेच. नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळांचे जमिनीकडचे काठ, पारसिक टेकडीचे उतार, खारघरच्या डोंगरपायथ्याची गवताळ पठारं, येऊरच्या वाटेवरची कुरणं, उपवन तलावामागचा गवताचा पट्टा. खरं भात बघायचं असेल तर शहापूर-मुरबाडची बस पकडा. तिथे खाचराच्या बांधावर पाच मिनिटं उकिडवं बसलं तरी पुरतं.

तिवरांत मात्र शोधू नका. नवखे हमखास खाडीच्या कडेला जातात, कारण ‘निसर्ग’ तिथे आहे असं सगळ्यांनी सांगितलेलं असतं. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ साली संरक्षित झाला, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही मिळाला, आणि ते चांगलंच झालं. पण तिवर आणि चिखल हे कोफानाचं अन्न नाही. खाडीकडे तोंड करून उभं राहिलात तर तो तुमच्या पाठीमागे असतो, भराव आणि रस्ता यांच्यामधल्या त्या गवतात, ज्याला कुठलाही दर्जा नाही.

येऊरकडच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबद्दल एक सरळ नियम: संध्याकाळनंतर जंगलात थांबायचं नाही, आणि तिथून एकही किडा डबीत घालून आणायचा नाही. त्याला वनखात्याची परवानगी लागते. बिबट्याचं कारण वेगळं सांगायला नको.

पायरी ४: वेळ

जूनचा पहिला पाऊस पडला की गवत उठतं, पण लगेच धावू नका. श्रावणात पिल्लं दिसू लागतात, आणि भात निसवल्यापासून कापणीपर्यंत, म्हणजे साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर, दिव्यावर येणारे सगळ्यात जास्त. अमावास्येच्या आसपासची, वारा पडलेली, दमट रात्र निवडा. पौर्णिमेला चादर जवळपास रिकामी राहते.

पायरी ५: चादर आणि दिवा

जुलैच्या शेवटी जगभर पतंग-सप्ताह साजरा होतो आणि आपल्याकडेही हौशी मंडळी चादर लावून बसतात. अशा ठिकाणी एकदा जाऊन बघा, तंत्र आयतं शिकायला मिळतं. सगळ्यांचे कॅमेरे चादरीच्या मध्यावरच्या मोठ्या पतंगांवर रोखलेले असतात. तुम्ही खालच्या कडेकडे आणि चादरीच्या पायथ्याच्या गवताकडे बघा; तुडतुडे बहुतेक तिथेच उतरतात.

घरी करायचं तर गच्ची किंवा तळमजल्याचं अंगण. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी सांगून ठेवा, नाहीतर वॉचमन चादर काढून घडी करून ठेवतो. दोरीवर चादर ताणा, खालचा हातभर भाग जमिनीवर पसरू द्या. समोर पांढरा किंवा अतिनील एलईडी दिवा लावा. पिवळसर ‘वॉर्म’ दिव्यावर किडे कमी येतात; आज आपल्याला ते नको आहे, पण ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटच्या पायरीत कामाला येईल. अतिनील दिव्याकडे टक लावून बघू नका, मुलं असतील तर विशेष. अंधार पडल्यावर पहिले दोन तास सगळ्यात बरे. त्यानंतर दिवा बंद करा. रात्रभर चालू ठेवला की किडे तिथेच अडकून दमतात आणि सकाळी साळुंक्या-कावळ्यांची चंगळ होते.

पांढऱ्या चादरीवर पांढरा किडा दिसायला त्रास होतो. चादरीच्या एका बाजूला जुना राखाडी किंवा खाकी कपडा टाचून ठेवा, त्याच्यावर बसलेला चटकन नजरेत भरतो. पकडायचाच असेल तर डबीचं तोंड हळूच त्याच्यावर ठेवा आणि खालून कागद सरकवा. डबी फ्रीजमध्ये पाच मिनिटं ठेवली की किडा मंदावतो, तेवढ्यात भिंगाने पाय आणि डोकं बघून घ्या, मग गवतात सोडा. घरात फ्रीज ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी मात्र तुमची तुम्ही काढायची.

पायरी ६: दिवसा, गवतात

मला स्वतःला दिव्यापेक्षा हा भाग आवडतो. दिव्यावर किडा नुसता दिसतो, गवतात तो काय करतो ते दिसतं.

सकाळी ऊन तापायच्या आत जा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंद बूट. पाय टाकायच्या आधी काठीने गवत हलवा, घोणस पानकचऱ्यात दिसत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात जखमी पायाने उतरू नका; लेप्टोचे रुग्ण आपल्याकडे दरवर्षी निघतात. तुडतुड्याकडून काही धोका नाही, फार तर सोंड टेकवून बघतो, तेव्हा बारीकसं टोचेल इतकंच.

मग एका जागी बसा आणि गवताच्या काड्या एकेक करून बघा. तुडतुडा तुमच्या आधी तुम्हाला बघतो आणि तिरका सरकत काडीच्या पलीकडे जातो. नवखा माणूस मान वाकडी करत तिकडे जातो, तेवढ्यात किडा पुन्हा फिरतो, आणि हा खेळ शेवटी उडीनेच संपतो. त्यापेक्षा जागचे हलू नका. मोकळ्या हाताचं बोट काडीच्या पलीकडून हळूच जवळ आणा. किडा बोटाला टाळायला सरकत तुमच्या बाजूला येतो आणि कॅमेऱ्यासमोर उभा राहतो.

आता त्याच्या मागच्या टोकाकडे लक्ष ठेवा. दर थोड्या वेळाने तिथे पाण्याचा एक थेंब फुगतो आणि झटक्यात दूर फेकला जातो. हे का घडतं ते कळलं की हा किडा कायमचा आवडायला लागतो. बहुतेक रसशोषक किडे झाडातला साखरेचा रस पितात. कोफाना आणि त्याच्या उपकुळातले बाकीचे मुळांकडून वर चढणारं पाणी पितात, ज्यात अन्नांश नावापुरता असतो. मग पोट भरायला प्यावं लागतं प्रचंड. याच उपकुळातला एक अमेरिकन तुडतुडा दिवसात स्वतःच्या वजनाच्या तीनशे पटींपर्यंत पाणी पितो. ते सगळं बाहेरही टाकायला हवं, तेही कमीत कमी ताकदीत. २०२३ मध्ये त्याच अमेरिकन जातीवर झालेल्या संशोधनात दिसलं की पोटाच्या टोकाची एक बारीक पट्टी थेंबाला असा झटका देते की थेंब त्या पट्टीपेक्षाही जास्त वेगाने सुटतो, कारण थेंब आधी दबतो आणि मग उसळतो. इतक्या लहान अंगाला पाण्याची धार सोडणं परवडणारं नसतं. थेंब उडवणं परवडतं. आपल्या कोफानाचा थेंब मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये टिपून बघा. पाठीमागे गडद पार्श्वभूमी आणि तिरपं ऊन असेल तर तो चमकतो.

आणखी एक साधा प्रयोग. पावसाची सर येऊन गेल्यावर लगेच बघा: पान ओलं असतं, तुडतुडा कोरडा. तुडतुडे आपल्या पोटातून अतिसूक्ष्म, जाळीदार गोळ्यांसारखे कण काढतात आणि पायांनी अंगभर चोपडतात. त्या थरावर पाणी ठरत नाही. नडगीवरचे ते काटे या चोपडण्यातही उपयोगी पडतात. पायरी एकमध्ये पाय बघायला सांगितलं होतं ते फक्त ओळखीपुरतं नव्हतं.

कधी एखाद्याच्या पोटाला बाजूने लोंबणारी गडद पिशवी दिसेल. ती अंडी नव्हेत. ड्रायनिड नावाच्या गांधीलमाशीच्या दूरच्या नातेवाइकाची ती अळी असते, आत राहून यजमानाला खाणारी. असा फोटो मिळाला तर तो नुसत्या तुडतुड्याच्या फोटोपेक्षा मोलाचा.

पायरी ७: नोंद

तीन फोटो: वरून, बाजूने, आणि समोरून डोक्याचा. चौथा, तो ज्या झाडावर होता त्याचा. हा चौथा बहुतेक जण काढत नाहीत, आणि नेमका तोच लागतो. दिव्यावर सापडला असेल तर ‘दिव्यावर’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर कोणीतरी पुढे भिंत हेच त्याचं अधिवास समजेल.

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल, दोन्हींपैकी जे सोपं वाटेल ते वापरा. तारीख, वेळ, नेमकी जागा भरा. अॅप स्वतःहून एखादी अमेरिकन जात सुचवेल, ती डोळे मिटून स्वीकारू नका. त्याच जागी दर पंधरवड्याला जा आणि दिसला नाही तर तेही वहीत लिहा. मे महिन्यात कुठल्या ओल्या कोपऱ्यात तो टिकून राहतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ऑक्टोबरमध्ये तर तो कुठेही भेटतो.

पायरी ८: त्याला राहू द्यायचं तर

इतक्या पसरलेल्या किड्याचं संवर्धन कशाला, हा प्रश्न रास्त आहे. जगाच्या हिशेबात कोफाना कुठे जात नाही. पण तुमच्या सेक्टरातून तो जाऊ शकतो, आणि त्याच्यासोबत त्याला खाणारे कोळी, चतुर, त्याच गवतात घरटं करणारे छोटे पक्षीही. तुडतुड्यांच्या बहुतांश जातींची धोक्याच्या यादीसाठी तपासणीसुद्धा झालेली नाही. तेव्हा यादीची वाट न बघता जे हातात आहे ते करावं.

शेतकऱ्याला मात्र ‘तुडतुडे वाचवा’ असं शिकवायला जाऊ नका. पांढरा तुडतुडा भातावर असला तरी सहसा मोठं नुकसान करत नाही आणि टुंग्रोही पसरवत नाही, एवढं सांगितलं तरी पुष्कळ. सरसकट फवारणीने कोळी आणि तुडतुड्यांची अंडी खाणारे मित्रकीटक आधी मरतात, मग तपकिरी तुडतुडा मोकाट सुटतो. इंडोनेशियाने याच अनुभवावरून १९८६ साली भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली होती.

गॅलरीतल्या भेंडीवर अम्रास्का जास्त झाला तर पानांच्या खालून पाण्याचा जोरकस फवारा मारा, फारच झालं तर निंबोळी अर्क. पिवळे चिकट सापळे मी लावत नाही. त्यात उपयोगी गांधीलमाश्याही तेवढ्याच चिकटतात. डासांच्या धुराला विरोध करू नका, डेंग्यू मस्करीचा विषय नाही. पण साचलेलं पाणी काढलं तर धुराची वेळ कमी येते, हे बैठकीत सांगता येतं. आवारातले प्रखर पांढरे दिवे बदलायची वेळ आली की ‘वॉर्म’ दिवे, खाली तोंड करून लावायला सुचवा.

सगळ्यात जास्त फरक गवत कापण्याच्या वेळेने पडतो. गणपतीआधी साफसफाई म्हणून सगळं आवार एकाच दिवशी मशीनने भादरलं जातं, नेमकं अंडी पानांत आणि पिल्लं काडीवर असताना. सगळं गवत राखा असं कोणी ऐकणार नाही, सापाची भीती असते आणि ती खोटी नाही. म्हणून पायवाट आणि खेळायची जागा स्वच्छ ठेवून, कुंपणालगतचा किंवा नाल्याकडचा दोन-तीन हातांचा पट्टा दिवाळीनंतरपर्यंत सोडायला सांगा. तोही नंतर अर्धा आता, अर्धा पुढच्या महिन्यात असा कापायचा. हे बैठकीत मंजूर झालं तरी ज्या दिवशी मशीन येणार त्या सकाळी खाली उतरा आणि पट्टा माळीकाकांबरोबर उभं राहून चुन्याने आखून द्या. मशीन चालवणारा माणूस दर वेळी नवा असतो आणि ठराव त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो.